शिमग्यातलं पायाळू

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या आठव्या महिन्यात सुईणमावशीने माझ्या पोटावरून हात फिरवला, वरच्या अंगाला दोन बोटांनी काहीतरी चाचपलं आणि म्हणाली, "डोका वर हाय गो. पाय खाली सोडून बसलाय." यावर मला हसू फुटलं. गंभीर काही कानावर पडलं की मला हसू येतं, ही माझी लहानपणापासूनची खोड. कीर्तनात, तेराव्याच्या जेवणात, माझ्याच लग्नात अंतरपाट धरलेला असताना, सगळीकडे मी हसलेली आहे. आईने मला चिमटा काढला. सुईणमावशी मात्र रागावली नाही. "हसूंदे तिला," ती म्हणाली. "हसून हसून पोर उलटला तर माझी मेहनत वाचली."

एकोणीसशे तिसाच्या आगेमागची ही गोष्ट. माझं माहेर भाट्याला, रत्नागिरी शहराच्या समोर. मध्ये फक्त खाडी. तेव्हा पूल नव्हता. उतारूंची एक मोठी होडी दिवसभर या काठावरून त्या काठाला जा-ये करायची, आणि शिवाय बाबांची स्वतःची एक लहान होडी होती, नारळ शहराच्या बाजारात न्यायला. माझा नवरा मुंबई-गोवा आगबोटीवर तिकिटं बघायचा. महिन्यातून चार वेळा तो आमच्या घरासमोरून समुद्रातून जायचा आणि एकदाही उतरायचा नाही. मी माडाच्या बुंध्याशी उभी राहून हात हलवायची. तो मला दिसायचा नाही, मी त्याला दिसायची नाही, पण हात न हलवता घरात आले तर मला चुकल्यासारखं वाटायचं.

आमच्याकडे पायांकडून जन्मलेल्या माणसाला पायाळू म्हणतात, आणि पायाळू म्हणजे साधा माणूस नव्हे. उसण भरलेल्या कंबरेला पायाळूने पाय लावला की उसण जाते. पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं, पुरलेलं धन कळतं. आणि आभाळ गरजायला लागलं की पायाळूने घरात बसावं, कारण वीज त्यालाच हुडकत येते. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण आमच्या आख्ख्या वाडीत खराखुरा पायाळू एकही नव्हता. जवळचा पायाळू पावसला, आणि तो म्हातारा होऊन स्वतःच कमरेत वाकला होता. त्यामुळे सुईणमावशीचं निदान विहिरीवर पोचलं, तिथून बाजारपेठेत गेलं, आणि तिसऱ्या दिवसापासून आमच्या ओटीवर माणसं यायला लागली.

पहिले आले शेजारचे काका. त्यांची कंबर वर्षातले सहा महिने धरलेली असायची आणि उरलेले सहा महिने ते तिच्याविषयी बोलायचे. त्यांनी बाबांना स्पष्टच सांगितलं की पहिली लाथ माझी, बाकी कुणाला शब्द देऊ नका. मग खालच्या आळीतला एक बागायतदार आला, त्याला विहिरीची जागा दाखवून हवी होती. बाबा म्हणाले, पोर जन्मायचं आहे, मग बोलायला लागायचं आहे. तो म्हणाला, घाई नाही, पुढच्या शिमग्यापर्यंत थांबतो. एक म्हातारी तर माझ्या पोटासमोर पाठ करून उभीच राहिली, आतूनच एक बसू दे म्हणून. मी दाराची चौकट धरून इतकी हसले की पोटातल्याने खरोखर लाथ मारली. म्हातारी समाधानाने गेली. पोराला अजून नाक आहे की नाही ठाऊक नव्हतं, पण त्याचे पाय सहा जणांनी सांगून ठेवले होते.

सुईणमावशीला हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. चाळीसेक वर्षं तिने वाडीतली पोरं काढलेली, माझा जन्मही तिच्या हातचा. तिने रोज खोबरेल चोळून पोर फिरवायचा प्रयत्न केला, आणि मला कामाला लावलं: हातापायांवर ओणवं होऊन अंगण सारवायचं, सकाळी एकदा, उतरत्या उन्हात एकदा. शिमगा जवळ आला असल्याने अंगण सारवलेलं कुणाला खटकलं नाही. पण मी ते इतक्या वेळा सारवलं की बाबा म्हणाले, आणखी चार दिवसांनी अंगण ओटीच्या बरोबरीला येईल. पोर मात्र आपल्या जागी बसून. शेवटी सुईणमावशीनेच विषय काढला. "मी हात लावणार नाय," ती आईला म्हणाली. "पैलटकरीण हाय आनी पोर उलटा. हिला खाडीपार दाखव." तिच्या तोंडून हे येणं म्हणजे मोठीच गोष्ट होती.

शहरातल्या सरकारी दवाखान्यात तेव्हा एक डॉक्टरीणबाई नव्याच आल्या होत्या. पुण्याकडच्या, बारीक अंगाच्या, बोलणं कोरडं. त्यांनी हात कोमट पाण्यात बुडवून ऊन केले, माझं पोट दोन्ही बाजूंनी धरलं आणि हळूहळू, माझ्याशी हवापाण्याच्या गोष्टी बोलत, पोर फिरवायला लागल्या. सुईणमावशी शेजारी उभी राहून प्रत्येक बोट कुठे पडतं ते बघत होती. आणि पोर फिरलं. मला स्पष्ट कळलं, आत कुणीतरी कूस बदलावी तसं. मी हसले, बाई हसल्या, सुईणमावशीने पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. घरी येताना बाबांनी होडीत दोन वेळा गाणं म्हटलं.

तिसऱ्या दिवशी बेंबीच्या खाली लाथ बसली. पोर परत येऊन आपल्या जागी बसलं होतं.

बाईंनी आणखी एकदा फिरवून पाहिलं. या वेळी तर ते दोन दिवसही थांबलं नाही, होडीतच उलटलं. मग बाई म्हणाल्या, "आता पुरे. त्याला असंच यायचं असेल तर असंच येऊ दे, पण इथे, माझ्यासमोर." आणि त्यांनी आम्हा चौघांना, म्हणजे आईबाबा, सुईणमावशी आणि मला, बाकावर बसवून नीट समजावलं. डोकं आधी आलं की ते वाट मोठी करतं आणि मागचं अंग सुळकन येतं. इथे अंग आधी येणार, डोकं शेवटी. पाय दिसले की बायका घाबरून ओढतात. ओढलं की हात वर जातात, हनुवटी वर होते आणि डोकं अडकतं. म्हणून ओढायचं नाही, धीर धरायचा, आणि अडकलंच तर काय करायचं ते त्यांना येतं, त्यांच्यापाशी त्याची हत्यारंही आहेत. "कळा सुरू झाल्या की तडक इकडे. घरी वाट बघत बसायचं नाही," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा आत्ताच शहरात येऊन राहा."

शहरात बाबांच्या आतेभावाकडे एक खोली मोकळी होती. सगळं जमण्यासारखं होतं. पण आईने मान हलवली. "पालखी घरी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी येऊ," ती म्हणाली.

ज्याला शिमगा माहीत नाही त्याला हे समजायचं नाही. वर्षातून एकदा ग्रामदेवी आपलं देऊळ सोडून पालखीत बसून प्रत्येकाच्या दारात येते. मुंबईला गेलेले चाकरमानी त्या दिवसासाठी रजा काढून येतात. देवी दारात यायची आणि घरच्या लेकीने परगावी जाऊन बसायचं, तेही पोटुशी असताना, हे आईच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पोराला पालखीचा दिवस ठाऊक आहे का?" आई अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, "देवीला ठाऊक आहे." बाईंनी हिशोब करून पाहिला, दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. त्यांनी निःश्वास टाकून हो म्हटलं.

आता आईविषयी सांगायला हवं. आमच्या घरात कुलूप नव्हतं. ट्रंका होत्या, कपाट होतं, नारळाची खोली होती, पण कशालाच कुलूप नाही. लहानपणी मला वाटायचं आम्ही गरीब आहोत म्हणून. त्या महिन्यात, एका दुपारी मी अंगणात ओणवी होऊन सारवत असताना, मी सहज आईला म्हटलं की पायाळू पोराला धन सापडलं तर ठेवायचं कुठे, आपल्याकडे एक कुलूप नाही. आईने हातातला शेणाचा गोळा खाली ठेवला. मग तिने सांगितलं.

माझ्याआधी तिला एक मूल झालं होतं. तेही पायांकडून. दीड दिवस ती अडली. बाळंतीण अडली की घरातली सगळी बंधनं सोडायची, ही आमच्याकडची रीत. कुलुपं उघडायची, गाठी सोडायच्या, झाकणं काढायची, म्हणजे बाईही सुटते. तिच्या सासूने आख्खं घर मोकळं केलं. तरी मूल गेलं. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं की माडीवरच्या ट्रंकेला कुलूप तसंच होतं, आणि किल्ली आईच्याच कमरेला. तिला कुणी रागे भरलं नाही. "नुसत्या बघत राह्यल्या गो सगळ्या," आई म्हणाली. "त्यापेक्षा मारलं असतं तर बरं." बाळंतपणातून उठली तेव्हा तिने घरातली कुलुपं एकेक करून खाडीत टाकली.

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. तोवर सगळी मजा चालली होती. मला कळलं की माझ्या पोटातलं पोर जगेल की जाईल याचा खरोखरच प्रश्न आहे, आणि ते गेलं तर आई पुन्हा एकदा स्वतःच्याच कमरेला हात लावून बघेल.

तर आमच्या घरात बाळंतपणाच्या दोन आखण्या चालल्या होत्या. बाबांची आखणी होडीची. त्यांनी तिला नवा रंग दिला, माझ्यासाठी मधल्या फळीवर हात असलेली खुर्ची बसवायचं ठरवलं, भरती-ओहोटीच्या वेळा भिंतीवर कोळशाने लिहून ठेवल्या. आईची आखणी गाठींची. ती दिवसातून एकदा घरभर फिरून बोटांवर मोजायची: लोणच्याच्या बरण्यांच्या तोंडाला बांधलेले दादरे, गाईचं दावं, झोपाळ्याच्या दोऱ्या, रहाटाचा दोर, केरसुण्यांचे बांध, बाबांच्या वहाणांचे पट्टे, जानवं नाही हे एक बरं. दोघंही आपापल्या आखणीत इतकी गर्क होती की त्या दोन आखण्या एकमेकींशी बोलल्याच नाहीत.

पालखी आली ती दुपार कलताना. आधी ढोल ऐकू आला, मग माडांच्या रांगेतून गुलाल दिसला, आणि मग वीसपंचवीस गडी खांद्यावर पालखी नाचवत अंगणात घुसले. माझ्या महिनाभराच्या सारवणाची दोन मिनिटांत माती झाली. मी ओटीच्या पायरीवर बसले होते. उतारूंच्या होडीचा मालक सगळ्यांच्या पुढे नाचत होता, म्हणजे त्याची होडी पलीकडच्या काठाला पडून असणार, हे बाबांच्याही लक्षात आलं असेल, पण त्या घटकेला कुणाला काय त्याचं. आईने देवीची ओटी भरली. मग गुरव पुढे झाला आणि त्याने आमच्या घरासाठी गाऱ्हाणं घातलं. कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे, पण त्याने गावाच्या राखणीपासून सुरुवात केली आणि थेट माझ्या पोटाशी येऊन पोचला.

"ह्या घरची लेक गरवार हाय म्हाराजा," तो म्हणाला.

"व्हय म्हाराजा," सगळं अंगण ओरडलं.

"तिचा पोर पोटात उलटा बसलाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"त्याचा डोका खाली येवंदे, नायतर पाय तरी सुखरूप येवंदे म्हाराजा."

शंभर माणसं माझ्या पोराच्या पायांना होकार देत होती. मी पदर तोंडात कोंबला, तरी हसू आवरेना, आणि त्या हसण्यातच पोटात काहीतरी टचकन झालं आणि पायरी ओली झाली. पाणमोट फुटली होती. सुईणमावशीने एका नजरेत ओळखलं. "चला," ती बाबांना म्हणाली. "होडी काढा."

पण आई तिच्याआधी निघाली होती. तिने फक्त एकच वाक्य म्हटलं, "सोडा गो सगळं," आणि अंगणातल्या झाडून साऱ्या बायका घरात शिरल्या. पुढचं मी ओटीवर, कळा देत आणि हसत, आलटून पालटून पाहिलं. केस सुटले, चोळ्यांच्या गाठी सुटल्या, बरण्यांवरचे दादरे उडाले. गाय सुटली आणि थेट केळीत गेली. वासरू सुटलं आणि गाईच्या मागे गेलं. झोपाळा धाडकन खाली आला. रहाटाचा दोर सोडला तो पोहऱ्यासकट विहिरीत गेला. कुणीतरी चाकरमान्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या, आणि मुंबईहून खास नवे बूट घालून आलेले दोन गडी निमूट पाय पुढे करून उभे राहिले. ढोलवाल्याच्या ढोलाच्या दोऱ्या ढिल्या केल्या तेव्हा तो कळवळून म्हणाला, "मी हिच्या घरचा नाय हो." पण ढोल अंगणात होता, मग त्याला सूट कशी? मग आईची नजर पालखीकडे वळली. पालखीच्या दांडीला लाल कापडाच्या चांगल्या आठ गाठी होत्या. पालखीचा मानकरी हात पसरून मध्ये उभा राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आईने पालखी सोडून दिली आणि ती माडांमधून खाडीच्या दिशेने पळत गेली.

बाबा खुर्ची डोक्यावर घेऊन आणि मला सुईणमावशीच्या आधाराने चालवत काठाशी आले, तर आई पाण्याशी उभी होती. समाधानाने हात झटकत होती. "झालं," ती म्हणाली. "एकही राह्यली नाय."

आणि तिच्या मागे, नव्या हिरव्या रंगाची आमची होडी, ओहोटीच्या पाण्यावर, हलत डुलत, खाडीच्या मुखाकडे चालली होती.

बाबा खुर्ची खाली ठेवून तिच्यावर स्वतःच बसले. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांना आईवर ओरडताना ऐकलं नव्हतं, त्या दिवशीही ते ओरडले नाहीत. म्हणाले, "अगो, होडीपण?" आईने मागे वळून पाहिलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरला. होडी तिने शेवटची गाठ म्हणून सोडली होती, त्या होडीतून मला न्यायचं आहे हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. आता पुढची कळ आली, आणि ती मोठी होती, आणि मी हसायची थांबले.

तेवढ्यात आमच्या शेजारून कुणीतरी धावत गेलं आणि पाण्यात उडी पडली. शेजारचे काका. धोतराचा काचा मारून, तोंडावर गुलाल, सपासप हात मारत ते निघाले. काकू काठावरून ओरडत होत्या, अहो तुमची कंबर, अहो कंबर. काकांना ऐकू गेलं नसावं. त्यांच्या मागून पालखीचे दोन भोई उतरले, पण काकांनी त्यांना होडीपाशी पोचू दिलं नाही. मुखाजवळच्या वाळूच्या दांड्याच्या थोडं अलीकडे त्यांनी होडी धरली, आत चढले आणि वल्हवत घेऊन आले. उतरले ते ताठ. पुढे वर्षभर लोक त्यांना विचारायचे, उसण कुठे गेली? ते म्हणायचे, भ्यायली असेल.

होडी काठाला लागली, पण ओहोटीची ओढ जोरात होती. ती थांबेना. पुढचा भाग काठाला आणला की मागचा भाग वळून जाई. दोन गडी धरून उभे राहिले तरी ती त्यांना घेऊन सरकत होती. मला आत चढवायचं, फळीवर खुर्ची बसवायची, तर होडी बांधायला हवी आणि खुर्चीही बांधायला हवी. बाबांनी दोरी हातात घेतली. मागे आमच्या घरून आलेल्या बायकांचा घोळका होता, सगळ्यांचे केस मोकळे. त्यातली एक म्हणाली, "गाठ नको मारूस हो. पोरीची सुटका व्हायचीय." दुसरीने मान हलवली. बाबा दोरी घेऊन तसेच थांबले. त्यांनी आईकडे पाहिलं. सगळ्यांनीच आईकडे पाहिलं, नुसतं पाहिलं.

मी सुईणमावशीच्या खांद्यावर डोकं टेकून उभी होते, तरी आईचा चेहरा मला दिसत होता. तो मी कधी विसरणार नाही. आई पुढे आली. तिने बाबांच्या हातातून दोरी घेतली, खुंटाला दोन वेढे दिले आणि गाठ मारली. ती बागायतदाराची लेक, बागायतदाराची बायको, गाठ कशी मारायची तिला चांगलं ठाऊक होतं. मग ती होडीत उतरली आणि खुर्चीचे चारही पाय फळीला एकेक करून बांधले. प्रत्येक गाठ तिने ओढून पाहिली. "ये," ती मला म्हणाली. मी तिचा हात धरून आत गेले. माझं तिच्यावर त्या क्षणाइतकं प्रेम कधीच नव्हतं.

पलीकडे राजिवड्याला लागेपर्यंत कळा एकापाठोपाठ येऊ लागल्या होत्या. तिथून घोडागाडी. टांगेवाल्याने सुटलेल्या केसांच्या दोन बायका आणि गुलालाने माखलेले बाबा पाहून न विचारता घोड्याला चाबूक दाखवला. प्रत्येक खड्ड्याला मी "व्हय म्हाराजा" म्हणत होते, आणि सुईणमावशी मला दटावता दटावता स्वतःच हसायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पाहून विचारलं, "पालखी आली का?" मी म्हटलं, आली. त्यांनी बाह्या सारल्या. सुईणमावशी दाराशी थबकली, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही आत या. मला चार हात लागतील." आई बाहेर राहिली.

पाय आधी आले, ठरल्याप्रमाणे. सुईणमावशीचे हात पुढे झाले ते बाईंनी नुसत्या मानेने थांबवले, आणि मग त्या दोघी, चाळीस वर्षं पोरं काढलेली सुईण आणि नवी डॉक्टरीण, हात मागे घेऊन बघत उभ्या राहिल्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, ओढा, काय वाट्टेल ते करा. बाई म्हणत होत्या, "छान. अजून थोडं. आपणहून येतंय." कंबर आली, खांदे आले. बाईंनी पोराचं अंग आपल्या हातावर घेतलं, सुईणमावशीला माझ्या पोटावर अमक्या ठिकाणी दाबा म्हणून सांगितलं, आणि डोकं आलं. पोर निळं होतं. सुईणमावशीने पाठ चोळली, एक चापट मारली. मुलगी रडली, आणि रडली ती थांबेचना.

दार अर्धं उघडं होतं. बाई हात धुवायला बाहेरच्या मोरीवर गेल्या, आणि मला आईचा आवाज ऐकू आला. तिने मुलगा की मुलगी विचारलं नाही. माझी विचारपूसही केली नाही. ती म्हणाली, "बाई, एक विचारते. ट्रंकेला कुलूप राहिलं तर मूल अडतं का?"

पाणी पडायचा आवाज थांबला. बाईंना आमच्या घरची गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती. तरी त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण त्यांनी हसून उडवून लावलं नाही. त्यांनी विचारलं, "त्याला कुणी ओढलं होतं का?"

"दोघींनी," आई म्हणाली.

"मग डोकं अडकलं असेल. कुलुपाने काही झालं नाही. तुमच्यामुळे काही झालं नाही."

"परत सांगा," आई म्हणाली. बाईंनी परत सांगितलं.

मग आई आत आली आणि माझ्या खाटेशी जमिनीवर बसली. सुईणमावशीने मुलगी गुंडाळून तिच्या मांडीवर दिली. आईने आधी दुपट्यातून पाय बाहेर काढले, दोन्ही, आणि हातात धरले.

"त्याचे पण असेच होते," ती म्हणाली. "पायच तेवढे बघितले मी त्याचे. मग फडक्यात गुंडाळून नेलं. तोंड कुणी दाखवलंच नाय मला."

मी खाटेवरून हात खाली सोडला आणि तिच्या मोकळ्या केसांवर ठेवला. तिने पाय परत दुपट्यात नीट घातले, मुलीच्या तोंडावर आलेला दुपट्याचा कोपरा बाजूला केला, आणि ती तिचं तोंड बघत बसली. बाबा दाराशी येऊन काहीतरी विचारत होते. तिने मान वर केली नाही.